'फोनपे मारलं' म्हणजे पैसे नेमके कुठून कुठे गेले?



मुक्ताईनगरच्या बाजारात आता भाजीच्या पाटीवरसुद्धा क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, "फोनपे चालतं का?" ताई म्हणते, "चालतं ना." खरं तर पुठ्ठा एका कंपनीचा असतो, गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ॲप दुसऱ्याच कंपनीचं असतं, आणि तरी पैसे पोचतात. आपण सगळ्यालाच 'फोनपे मारलं' म्हणतो आणि पुढे जातो.

पण गटाच्या बैठकीला आले की तुम्ही मला हेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारता. ॲप बंद पडलं तर आपले पैसे बुडतील का? पैसे कटले पण समोर पोचले नाहीत, तर कोणाकडे जायचं? आणि गटाची बचत सचिवताईच्या नंबरवर टाकली तर चालेल का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीवर ठरतात: त्या वेळेला तुमचे पैसे कोणाकडे आहेत, बँकेकडे की कंपनीकडे? या अंकात तेवढंच नीट समजून घेऊ.

रस्ता एक, गाड्या अनेक

मुक्ताईनगरहून भुसावळला जायचं आहे. तुम्ही एसटीने जा, काळीपिवळीने जा, नाहीतर मुलाच्या मोटारसायकलवर बसून जा. हायवे तोच असतो. एसटी चुकली म्हणून हायवे बंद होत नाही.

फोनवरून पैसे पाठवण्याचंही तसंच आहे. त्यातला हायवे म्हणजे यूपीआय. फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही त्यावरून धावणारी वाहनं. हा रस्ता कुठल्याही एका ॲप कंपनीच्या मालकीचा नाही. रिझर्व्ह बँक आणि देशातल्या बँकांच्या संघटनेने २००८ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन नावाची संस्था उभी केली, ती हा रस्ता सांभाळते. आपण वापरतो ते रुपे कार्डही त्याच संस्थेचं.

या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस सुरू केलं. त्याने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत लगेच पैसे जायला लागले, रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही. पण त्यासाठी खाते नंबर, आयएफएससी कोड असं बरंच काही भरावं लागायचं. एप्रिल २०१६ मध्ये त्याच पायावर यूपीआय आलं आणि मोबाइल नंबर किंवा क्यूआर कोड पुरेसा झाला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप आलं. ते याच संस्थेचं ॲप आहे. आज या रस्त्यावरची रहदारी किती मोठी आहे? ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात यूपीआयवरून २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

आता एक व्यवहार सावकाश बघू. समजा, सुरतला कामाला असलेल्या मुलाने अंतुर्लीला राहणाऱ्या आईला ५०० रुपये पाठवले. तो ॲप उघडतो, आईचा नंबर टाकतो, रक्कम टाकतो, पिन दाबतो. ॲप तो निरोप रस्त्यावर सोडतं. मुलाची बँक पिन तपासते आणि त्याच्या खात्यातून ५०० रुपये कमी करते. आईची बँक तिच्या खात्यात ५०० रुपये जमा करते. दोघांना मेसेज येतो. हे सगळं काही सेकंदांत होतं.

यात पैसे कुठे होते? आधी मुलाच्या बँकेत, नंतर आईच्या बँकेत. ॲपकडे ते एक क्षणही मुक्कामाला नव्हते. ॲपने फक्त निरोप नेला. म्हणून उद्या तो ॲप फोनमधून काढून टाकला, किंवा ती कंपनीच बंद झाली, तरी आईचे ५०० रुपये बँकेत जागेवरच राहतात. दुसरा ॲप टाकायचा, तेच खाते जोडायचं, झालं.

पाकिटाची गोष्ट वेगळी

त्याच ॲपमध्ये अनेकदा आणखी एक चीज असते, तिला वॉलेट म्हणतात. वॉलेट म्हणजे पाकीट. यात तुम्ही आधी बँकेतून पैसे काढून कंपनीकडे ठेवता आणि मग त्यातून खर्च करता. पैसे बँकेतून निघाले, कंपनीच्या पाकिटात गेले. आता ते कंपनीकडे आहेत.

फरक कुठे पडतो ते बघा.

• बँकेच्या बचत खात्यावर व्याज मिळतं. पाकिटातल्या पैशावर व्याज नाही.

• बँक बुडाली तर एका बँकेतल्या तुमच्या ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. कंपनीच्या पाकिटाला हे संरक्षण नाही.

• पूर्ण केवायसी न करता काढलेल्या पाकिटात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. त्यातून फक्त खरेदी करता येते. ते पैसे परत बँकेत टाकता येत नाहीत, कोणाला पाठवताही येत नाहीत.

पाकीट वाईट असतं असं मी म्हणत नाही. रिचार्ज, बसचं तिकीट अशा किरकोळ खर्चाला काही जणी वापरतात. पण कापूस वेचणीची मजुरी, बिबड्या-पापडाच्या विक्रीचे पैसे, लेकीच्या फीचे पैसे तिथे साठवायचे नाहीत. घरातही आपण पदराच्या गाठीला बाजारापुरतेच पैसे बांधतो, बाकीचे डब्यात ठेवतो. तसंच हे.

यूपीआय लाइट नावाची एक सोय मधली आहे. छोट्या खर्चासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची आणि पिन न टाकता द्यायची. पिन लागत नसल्यामुळे फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर ती रक्कम खर्च होऊ शकते. ठेवलीच तर शे-दोनशे ठेवा.

हे खरंच घडलेलं आहे

"ताई, एवढी मोठी कंपनी कशी बंद पडेल?" असं तुम्ही म्हणाल. म्हणून तीन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली, पेटीएम पेमेंट्स बँकेची. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर बंधनं घातली. १५ मार्च २०२४ नंतर तिथल्या खात्यात किंवा पाकिटात नवे पैसे टाकता येईनात. सरकारी अनुदान किंवा पगारही त्या खात्यात जमा होईना. आधीचे पैसे काढता किंवा खर्च करता येत होते, ते बुडाले नाहीत. पण ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांना धावपळ करून दुसऱ्या बँकेत खाते जोडावं लागलं. आणि ज्यांनी पेटीएमच्या ॲपला स्टेट बँकेचं किंवा दुसऱ्या बँकेचं खाते जोडलं होतं? त्यांचं काहीच अडलं नाही. ॲप तोच, रंग तोच, पण एकीचे पैसे आपल्या बँकेत होते आणि दुसरीचे त्या कंपनीच्या बँकेत. फरक तेवढाच.

दुसरी गोष्ट २०१७ ची. सिमकार्डला आधार जोडताना अंगठा दिला आणि न कळत एअरटेल पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, असं अनेक ग्राहकांच्या बाबतीत झालं. सरकारी पैसे आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँकेत जातात, म्हणून गॅसची सबसिडी त्या नव्या खात्यात जाऊ लागली. बाया नेहमीच्या बँकेत पासबुक भरून बघायच्या, तर त्यात सबसिडी नाही! त्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार पडताळणी थांबवली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपये दंड केला. आज लाडक्या बहिणीचे पैसेही आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. म्हणून कुठेही अंगठा देण्याआधी विचारा, "हा कशासाठी? यात नवं खातं उघडतंय का?"

तिसरी गोष्ट आफ्रिकेतल्या केनिया देशातली. तिथे २००७ साली एका मोबाइल कंपनीने एम-पेसा सुरू केलं. शहरात कामाला गेलेला माणूस गावातल्या बायकोला फोनवरून पैसे पाठवायचा आणि ती गावातल्या दुकानदाराकडून रोख घ्यायची. बँक नसलेल्या गावांत याने फार मोठं काम केलं. पण ही सोय एका कंपनीची होती, रस्ताही तिचा आणि गाडीही तिचीच. तेच एम-पेसा व्होडाफोनने २०१३ मध्ये भारतात आणलं आणि २०१९ मध्ये ते बंद झालं. कंपनीची सोय कंपनीच्या हिशोबाने येते आणि जाते. आपण आपले पैसे बँकेत ठेवले आणि सगळ्यांचा रस्ता वापरला, तर तिच्या येण्याजाण्याने आपलं अडत नाही.

मग ॲप फुकट कसं?

हा प्रश्न मला एका मीटिंगमध्ये एका आजींनी विचारला होता. प्रश्न अगदी बरोबर आहे.

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात यूपीआयने पैसे पाठवायला तुमच्याकडून शुल्क घेतलं जात नाही. दुकानदारालाही बँक खात्यातून आलेल्या यूपीआय पैशावर जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. म्हणजे निरोप नेण्यातून कंपनीला फार काही मिळत नाही. म्हणून ती बाकीचा माल विकते: विमा, डिजिटल सोनं, आणि मुख्य म्हणजे कर्ज. "तुम्हाला ५०,००० रुपये मंजूर" असं पडद्यावर झळकतं ना, ते यूपीआय नाही. ती त्या ॲपच्या दुकानातली विक्री आहे. बँकेने तुम्हाला काही मंजूर केलंय असा त्याचा अर्थ नाही. त्यावर बोट ठेवण्याआधी आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज आणि त्याचं व्याज आठवा. काही ॲप मोबाइल रिचार्जवर एक-दोन रुपये वेगळे लावतात, तेही बघत जा.

तुमच्या खात्याची चावी कोणाच्या खिशात आहे?

यूपीआय सुरू होतं ते खात्याला जोडलेल्या मोबाइल नंबरवरून. ते सिम ज्या फोनमध्ये आहे, त्याच फोनवर ते चालतं. पिन पहिल्यांदा तयार करताना एटीएम कार्डचा नंबर किंवा आधारचा ओटीपी लागतो, आणि ओटीपी येतो तो नोंदवलेल्या नंबरवर.

आता मनातल्या मनात आठवा. तुमच्या खात्याला कोणाचा नंबर आहे? खातं उघडताना घरात एकच फोन होता म्हणून मालकांचा दिला गेला, नाहीतर पोऱ्याचा. म्हणजे खातं तुमच्या नावाचं, पण मेसेज, ओटीपी आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. घरच्यांवर विश्वास असतोच. पण पैसे आले की नाही हे विचारायला दर वेळी दुसऱ्याकडे जावं लागतं. तो सुरतला गेला की चावीही सुरतला गेली. तुमच्याजवळ स्वतःचा नंबर असेल तर बँकेत जाऊन खात्याला तो लावा. फॉर्म साधा आहे. पासबुक आणि आधार घेऊन जा, बँकसखीला सोबत घ्या.

स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. साध्या बटनाच्या फोनवर *९९# लावून यूपीआयने पैसे पाठवता येतात आणि शिल्लक बघता येते. त्याला इंटरनेट लागत नाही. पहिल्या वेळी बँकसखीसमोर बसून करून बघा.

अडलं तर काय करायचं?

पैसे कटले पण पोचले नाहीत: लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी ॲपमध्ये तो व्यवहार 'पेंडिंग' आहे की 'फेल' ते बघा. माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, आणि दुकानात दिलेले अडकले तर पाच दिवसांत. हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रार आधी ॲपमध्ये करा, मग बँकेत लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा माहिती क्रमांक १४४४८.

चुकीच्या नंबरवर गेले: हे अवघड आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे बँक समोरच्याच्या खात्यातून परस्पर ओढून आणत नाही. तक्रार लगेच करायचीच, पण खरा उपाय आधीचा आहे. पिन टाकण्याआधी पडद्यावर समोरच्याचं नाव येतं, ते मोठ्याने वाचा. नवीन माणूस असेल तर आधी १ रुपया पाठवून विचारा.

फसवणूक झाली: १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. "घरी काय सांगू" या विचारात रात्र घालवू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा, कारण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानाची जबाबदारी बँकेवर येते. फसवणूक कोणाचीही होते, शिकलेल्यांचीही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक ओळ मात्र पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला आणि स्वतःची शिल्लक बघायला. "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कोणी म्हटलं की समजा, तो पैसे नेतोय.

यात्रेत स्टॉल लावणाऱ्या ताईंसाठी आणखी एक. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण बघून केळीच्या वेफर्सचं पाकीट देऊ नका. तशी खूण दाखवणारे खोटे ॲप आहेत. तुमच्या फोनवर मेसेज आला, किंवा तुमच्या ॲपमध्ये जमा दिसलं, तरच पैसे आले.

आणि गटाचे पैसे?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगते. काही गटांत बचत आणि हप्ते अध्यक्ष किंवा सचिवताईच्या स्वतःच्या नंबरवर पाठवायची सवय लागली आहे. सोपं पडतं, हे मला कळतं. पण ते पैसे कोणाच्या खात्यात जातात? त्या ताईच्या. बँकेच्या दृष्टीने ते तिचे झाले.

यात तिच्या प्रामाणिकपणाची शंका घ्यायचं कारण नाही. तिच्याही मागे किती लचांड लागू शकतं ते बघा. तिच्या खात्यातून कर्जाचा हप्ता आपोआप कटला तर त्यात गटाचे पैसे जातील. कुठल्या तक्रारीत तिच्या खात्याला होल्ड लागला तर दहा जणींची बचत अडकेल. तिचं काही बरंवाईट झालं तर ते पैसे तिच्या वारसांच्या नावावर दिसतील आणि गटाला भांडत बसावं लागेल. चांगल्या बाईवर उगाच बोट दाखवलं जाईल.

गटाचं खातं दोघींच्या सहीने चालतं. त्यामुळे एकीच्या फोनवर त्याचं यूपीआय सहसा सुरू होत नाही, आणि हे चांगलंच आहे. दोन सह्या हीच गटाची राखण आहे. पण गटाच्या खात्यात पैसे भरायला काही अडचण नाही. तुमच्या ॲपमध्ये 'बँक खात्यात पाठवा' असं असतं. तिथे गटाच्या पासबुकावरचा खाते नंबर आणि आयएफएससी कोड एकदा टाकून ठेवा. त्यानंतर दर महिन्याची बचत तुमच्या खात्यातून थेट गटाच्या खात्यात. पैसे काढताना मात्र नेहमीप्रमाणे ठराव आणि दोन सह्या. काही बँकांच्या बँकसखीकडे मशीनवर दोघींचे अंगठे घेऊन गटाचा व्यवहार होतो, तीही सोय आपल्या बँकेत विचारा.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. प्रत्येकीने सांगायचं: माझ्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर आहे? सचिवताईंनी यादी करावी. ज्यांचा स्वतःचा नाही त्यांनी मिळून एकाच दिवशी बँकेत जावं.

२. ज्यांच्या फोनमध्ये ॲप आहे त्यांनी तो उघडून बघावा: वॉलेटमध्ये पैसे पडले आहेत का? असतील तर किती?

३. गटाची बचत कोणाच्या वैयक्तिक नंबरवर जात असेल तर ती थेट गटाच्या खात्यात भरायचा ठराव लिहा. आतापर्यंत जमा झालेली रक्कम त्याच बैठकीत हिशोब करून गटाच्या खात्यात भरा.

४. फोनवरून भरलेल्या प्रत्येक बचतीपुढे नोंदवहीत तारीख आणि व्यवहाराचा १२ आकडी नंबर लिहा. पंचसूत्रीतलं 'नियमित लेखे' यात फोनचे व्यवहारही आले.

५. १९३० हा नंबर नोंदवहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पुढच्या फेरीत तुमच्या गावात आले की मी ही यादी बघायला मागणार आहे. ज्या गटाने पाचही कामं केली असतील, त्यांनी शेजारच्या गटाला शिकवायला माझ्यासोबत चलायचं.

— तुमची क्षेत्र समन्वयक, मुक्ताईनगर